झाकून ठेवलेलं ताट

बसा. पंखा वाढवू का? मृण्मयी वरच्या खोलीत अभ्यास करतेय, म्हणून जरा हळू बोलू. हे तिच्या कानावर जाऊ नये असं मला वाटतं.

तुम्ही रविवारच्या सहलीत जागा आहे का विचारायला आलात. सरळ हो किंवा नाही म्हणायला हवं, पण ती सहल चालू ठेवायची की बंद करायची हेच माझं ठरत नाहीये. कारण बायकोला सांगता येत नाही. मित्रांना सांगावं तर म्हणतील, श्रीनाथचं डोकं फिरलं. तुम्ही माहूरचे. रविवारी लेकाची टेस्ट सुटली की त्याला भेटून परत जाल. तुम्हाला सांगून टाकतो.

मी अठरा वर्षं इथल्या एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवलं. मग मालकांनी बाहेरून नवे सर आणले, चौकाचौकात त्यांचे फोटो लागले, आणि माझी बॅच आधी निम्मी झाली, मग पाव, मग एक दिवस वेळापत्रकात माझं नावच नव्हतं. तेव्हापासून माझं डोकं तापलेलंच असतं. घरात मनस्विनीला, म्हणजे माझ्या बायकोला, आणि पोरीला त्याची झळ बसते, हे मला कळतं. कळून उपयोग काय?

सहलीची कल्पना त्या क्लासच्याच फाटकासमोर सुचली. नांदेड, देगलूर, कंधार, कुठून कुठून पालक रविवारी लातुरात येतात, होस्टेलवरच्या लेकराला भेटायला. आणि लेकरू सकाळपासून टेस्टला बसलेलं. सुटणार पाचला. तोवर माणसं गंजगोलाईच्या बाजारात दोन चकरा मारतात आणि उरलेला दिवस लाडवांच्या पिशव्या धरून उन्हात उभी राहतात. मी जुनी तवेरा घेतली आणि बोर्ड लावला : एक दिवसाची द्राक्षसहल, वायनरी दर्शन, घरगुती जेवणासह. सहा पालक, सातवा मी. दहाला निघायचं, पाचच्या आत फाटकावर परत.

लोक हसले. हसू द्या. येणारे पालक नव्वद टक्के न पिणारे, हे मलाही माहीत होतं. पण सावली मिळते, कुणीतरी समोर ताट वाढतं, आणि पोराचा विचार चार तास मागे पडतो. पहिली वायनरी औसा रस्त्यावर, तिथं नुसत्या स्टीलच्या टाक्या बघायच्या. दुसरी निलंग्याच्या बाजूला, चिंचसोंड्याला, राजशेखरची. जेवण तिथं.

राजशेखर लिंगायत माणूस. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, आणि धंदा वाईनचा. स्वतः कधी थेंब जिभेला लावला नाही, नुसत्या वासावरून सांगतो पिंप तयार झालंय की नाही. त्याचं गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं. नवं गाव तीन किलोमीटरवर वसवलं, सरळ रेघेतल्या गल्ल्यांचं. जुन्या गावात आता दगडांचे ढीग आणि बाभळी. त्या ढिगांना लागूनच राजशेखरचा द्राक्षमळा आहे, आणि मळ्याच्या कडेला त्याच्या आजोबांचं पेव होतं, ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेलं. ते त्यानं रुंद केलं, पायऱ्या बांधल्या, आणि आत लाकडी पिंपं ठेवली. बारा महिने गारवा असतो.

त्याची आई नागम्मा त्या पेवात कधी उतरली नाही. ती मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहते. स्लॅबच्या घरात तिला झोप येत नाही. आमचं जेवण तीच करते. आदल्या दिवशी फोन करून माणसं सांगायची, तेवढ्यांचाच स्वयंपाक होतो. पहिल्या खेपेला मी गेलो तेव्हा सात ताटं मांडलेली होती आणि आठवं एक चुलीजवळ, वर पितळी परात पालथी घातलेली. मी हात पुढे केला तर राजशेखरनं माझं मनगट धरलं.

“त्याला हात लावू नका, सर. ते अंजूचं हाय.”

अंजू त्याची धाकटी बहीण. लातूरला मावशीकडं राहून बारावी सायन्सला शिकत होती, डॉक्टर व्हायचं होतं. गणपती बुडवायला म्हणून गावी आली. रात्री दमून आली आणि आईला म्हणाली, ताट झाकून ठेव, उठल्यावर खाते. त्या पहाटे गाव पडलं. घरातली बाकीची माणसं सापडली, कुणी जिवंत, कुणी नाही. अंजू सापडली नाही. ढीग तीनदा उपसले. त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात, हातात लिंग ठेवून. हिला बसवणार कुठून? मग नागम्मानं काहीच केलं नाही. रोज दुपारी ताट वाढते आणि झाकून ठेवते. दिवस मावळला की गायीला घालते.

मी ऐकून घेतलं आणि मान हलवली. मी रसायनशास्त्राचा माणूस. मनात म्हटलं, पंचवीस वर्षं रोज एक जेवण, बिचारी म्हातारी.

आता त्या रविवारचं सांगतो. फेब्रुवारीचा दुसरा रविवार, गेल्या वर्षीचा. मृण्मयीचं नीटचं दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी तिला जे मार्क पडले ते मी कुणाला सांगितले नाहीत, तुम्हालाही सांगत नाही. अठरा वर्षं लोकांच्या पोरांना मी डॉक्टर केलं आणि माझी स्वतःची पोरगी पुस्तक उघडून नखं कुरतडत बसायची. कपाळाला सतत बाम. घरात बामाच्या वासानं माझं डोकं दुखायचं. महिनाभर तिचं जेवण सुटल्यासारखं झालं होतं. पाव पोळी, दोन घास भात, आणि उठायची. आई विनवायची, मी ओरडायचो. त्या सकाळी मनस्विनी शाळेच्या कामानं बाहेर गेलेली, आणि ही दारात उभी राहून म्हणाली, “बाबा, मी आज टेस्टला जाणार नाही.”

का, तर काही नाही. नुसतं जाणार नाही. मी जे बोललो ते सांगण्यासारखं नव्हतं. तिला घरी एकटी ठेवायची मला भीतीही वाटली, आजकाल काय काय कानावर येतं. म्हणून तिला तवेराच्या मागच्या सीटवर बसवलं आणि निघालो.

गाडीत त्या दिवशी कंधारचे साहेबराव होते, शेतकरी, पोरगा तिसऱ्यांदा परीक्षा देणारा. देगलूरच्या भामाबाई होत्या, मुलीसाठी डिंकाचे लाडू घेऊन आलेल्या. बाकी दोन जोडपी. पहिल्या वायनरीत साहेबरावांनी टाकीला हात लावून विचारलं, “सर, ह्यात किती शेतकऱ्यांचा माल बसत असंल?” भामाबाई नाकाला पदर लावून उभ्या. मृण्मयी गाडीतून उतरलीच नाही. साहेबरावांनी मला विचारलं, पोरगी कितवीला हाय, आणि मी खोटं बोललो की ती सुट्टीवर आहे.

चिंचसोंड्याला पोचायला बारा वाजून गेले. राजशेखरनं सगळ्यांना पेवाच्या तोंडाशी नेलं आणि आधी दोरीला बांधून एक कंदील खाली सोडला.

“द्राक्षं कुजत असली की जड वायू बसतो खाली,” तो म्हणाला. “ज्वारीच्या पेवातबी बसायचा. दिवा विझला तर उतरायचं न्हाई.”

हे मी स्वतः वर्गात शिकवायचो, कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो म्हणून. दिवा विझला नाही. आम्ही उतरलो. आत आंबूस गोड वास, अंधार, आणि पिंपांच्या तोंडावरच्या नळ्यांतून बुडबुड्यांचा आवाज. बुडुक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसऱ्याच कोपऱ्यातून बुडुक. सगळे आपोआप हळू बोलायला लागले.

तीन भिंती नव्या सिमेंटच्या होत्या. चौथी, जुन्या गावाच्या अंगाची, दगडमातीची तशीच ठेवलेली. मृण्मयी त्या भिंतीला तळहात लावून उभी होती. दिवसभरात पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सैल दिसला.

“बाबा,” ती म्हणाली, “इथं बरं वाटतंय.”

“तुला बरं वाटावं म्हणून नाही आणलेलं,” मी म्हणालो. “चल वर.”

जेवायला दोन वाजले. मला घाई झालेली. साडेतीनला निघालो नाही तर पाचला फाटकावर पोचणार नाही, आणि पोरं बाहेर येऊन आईबाप शोधणार. शेडमध्ये सात ताटं. ज्वारीच्या भाकरी, येसराची आमटी, चुक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. माणसं आठ. आदल्या दिवशी सातच सांगितली होती. नागम्मानं मृण्मयीकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, “थांबा, पीठ मळते. दोन भाकरी टाकते लेकराला.” आणि ती पीठ आणायला मागच्या खोलीकडं गेली.

तेवढ्यात सगळ्यांचे फोन वाजायला लागले. क्लासकडून दुपारी मेसेज येतात, अर्ध्या पेपरचे मार्क. साहेबरावांनी चष्मा लावला, वाचलं, आणि भाकरी मोडायची सोडून बाहेर बघत बसले. भामाबाईंनी फोन कपाळाला लावला. माझ्याही फोनवर मेसेज आला. कुमारी मृण्मयी श्रीनाथ, गैरहजर.

माझ्याच जुन्या क्लासचा मेसेज. ज्यांनी माझं नाव काढलं, त्यांच्या यादीत माझी पोरगी गैरहजर. माझ्या डोक्यात काय गेलं मला सांगता येत नाही. ती समोर बसलेली, ताट नाही, नखं कुरतडत. मला वाटलं, ही आता म्हणणार, मला भूक नाही. आणि म्हातारी पीठ मळणार, भाकऱ्या भाजणार, आणि ही दोन घास खाऊन उठणार, आणि आम्हाला उशीर होणार. मी उठलो, चुलीजवळचं ताट परातीसकट उचललं आणि तिच्यापुढे आदळलं.

“खा. एवढं संपवल्याशिवाय उठायचं नाही.”

ते कुणाचं ताट आहे हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही.

तिनं परात उचलली. ताट बाराला वाढलेलं असणार, दोन तास झालेले. पण आमटीतून वाफ आली. शेडमध्ये बसलेल्या प्रत्येकानं ती बघितली. मृण्मयीनं भाकरी मोडली. माझी पोरगी ज्वारीच्या भाकरीला तोंड लावत नाही, घशाला टोचते म्हणते. तिनं ती आख्खी भाकरी खाल्ली. मग दुसरी. सावकाश, प्रत्येक घास पुरता चावून, खाली बघत. मला बरं वाटलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला नुसतं बरं वाटलं.

नागम्मा पिठाची परात घेऊन दारात आली. तिनं बघितलं. मला वाटलं आता शिव्या घालेल, रडेल. तिनं परात खाली ठेवली, हळूच मृण्मयीसमोर मांडी घालून बसली, आणि विचारलं,

“मीठ बरोबर हाय का...?”

“हाव, अव्वा,” मृण्मयी म्हणाली.

अव्वा म्हणजे आई. त्यांच्या घरात कानडी बोलतात. आमच्या घरात कानडीचं एक अक्षर कुणाला येत नाही, आणि मृण्मयी जन्मापासून आईला मम्मी म्हणते. राजशेखर पाणी वाढत होता. त्याच्या हातातला तांब्या थांबला. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी नजर खाली केली. मी म्हणालो, “म्हणाली असेल ऐकून.” कुणाचं ऐकून, ते त्यानं विचारलं नाही.

साडेतीनला मी हॉर्न वाजवला. सगळे गाडीत बसले. मृण्मयी म्हणाली, “हात धुऊन येते,” आणि नळाकडं न जाता जुन्या गावाकडं चालायला लागली. आता हे मात्र मला सांगायलाच हवं. मी खिडकीतून ओरडलो, “पाच मिनिटांत ये. यायचं नसेल तर राहा इथंच.”

ती वळली. अंगठ्याचं नख दातात तसंच. काहीतरी बोलणार होती असं मला वाटतं. मी घड्याळ बघितलं. पुन्हा वर बघितलं तर ती बाभळींमागं गेलेली.

पंधरा मिनिटं झाली. दगडांवर ऊन पडलेलं, एक पक्षी नाही. मी उतरणार इतक्यात ती आली, दगडांच्या बाजूनंच, झपाझप. केस सकाळी मोकळे होते, क्लिप लावलेले. आता चापूनचोपून तेल लावून एकच घट्ट वेणी. ती गाडीकडं न येता आधी शेडकडं गेली आणि नागम्माच्या पाया पडली. नागम्मानं तिच्या कपाळाला विभूती लावली.

“नीट शीक,” नागम्मा म्हणाली.

येताना ती मागच्या सीटवर बसली नाही. भामाबाईंशेजारी बसली आणि त्यांना विचारत राहिली, देगलूरला यंदा तूर कशी आली, मुलगी होस्टेलवर जेवते का. साहेबरावांना म्हणाली, काका, पोरावर चिडू नका. औशाच्या अलीकडं भामाबाई पुढं वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, “सर... पोरीची चप्पल तिथंच राहिली वाटतं.” मी आरशात बघितलं. ती अनवाणी होती. पायांना घोट्यापर्यंत पांढरी माती. आणि गाडीत बामाचा वास नव्हता. तो कधी गेला हे मला सांगता येत नाही, पण मी काचा खाली करून, वर करून बघितल्या. नव्हता.

त्या दिवसापासून आमच्या घरात आनंदीआनंद आहे. मनस्विनी सांगते सगळ्यांना, ह्यांच्या सहलीनं पोरगी सुधारली. ती भाकरी मागून खाते. आईला आई म्हणते. दिवसभर वर बसून अभ्यास करते, फक्त रात्री अंथरूण गच्चीवर नेते, स्लॅबखाली झोप येत नाही म्हणते. चार दिवसांत तिची दहाही नखं वाढली. चार दिवसांत एवढी नखं वाढत नाहीत, हे मी तुम्हाला शास्त्राचा माणूस म्हणून सांगतो.

एकदा तिनं मला उष्णतेचं एक गणित दाखवलं. उत्तर बरोबर. पण तिनं ते आधी कॅलरीत मांडलं होतं आणि शेवटी ज्यूलमध्ये बदललं होतं. आजकाल पुस्तकात सरळ ज्यूल असतात, ह्या पोरांना कॅलरी फक्त बिस्किटाच्या पुड्यावर माहीत. कॅलरीत मांडायची सवय आमच्या वेळची. मी विचारलं, “हे कुणी शिकवलं?” ती म्हणाली, “कॉलेजात.” ती कॉलेजात कधी गेलेली नाही. अकरावी-बारावीला नाव नुसतं लावलेलं होतं, सगळ्यांचंच तसं असतं.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात टेस्टचा निकाल आला आणि ती क्लासमध्ये चौथी होती. ज्या लोकांनी मला काढलं त्यांनी फोन करून अभिनंदन केलं. म्हणाले, सर, शेवटी तुमचीच मुलगी. मला तो फोन आवडला. लाज वाटते सांगायला, पण फार आवडला. मी स्वतःला समजावलं की मनावर घेतलं की पोरं बदलतात. मे महिन्यात परीक्षा झाली, आणि तिला उत्तम मार्क पडले. तेवढ्यावरही ती थांबली नाही. म्हणाली, मला पहिल्या नंबरच्या कॉलेजातच जायचंय, अजून एक वर्ष देते. मनस्विनीनं पेढे वाटले.

पण मी चिंचसोंड्याला जातच होतो. सहल होती ना. तिनं ते ताट खाल्लं त्याच्या पुढच्याच रविवारी गेलो, तर शेडमध्ये सात माणसांना सातच ताटं. चुलीजवळची जागा सारवून स्वच्छ केलेली.

“आजी, आज झाकलं नाही?” मी विचारलं.

“कशाला?” नागम्मा म्हणाली. “ती गेली न्हाई का शिकायला लातूरला. सुट्टीला येती म्हणली.” आणि मला आग्रह करून आणखी एक भाकरी वाढली, व्याह्याला वाढतात तशी.

राजशेखर माझ्याशी धड बोलेना. मी त्याला म्हटलं, मला पेवात उतरायचंय, एकट्याला. त्यानं कंदील खाली सोडला. दिवा विझला नाही. पण ज्योत आडवी झाली, त्या जुन्या भिंतीकडं, आणि तशीच राहिली. आत वारा कुठून येणार? मी पायऱ्या उतरलो. आंबूस गोड वास. बुडुक. मग शांत. मी भिंतीजवळ गेलो आणि त्या वासातून दुसरा वास आला... बामाचा.

मी कान लावला. बुडबुडे थांबले की मध्ये एक बारीक आवाज यायचा. टक्. जरा थांबून, टक्. नख कुरतडल्याचा. वर्षानुवर्षं त्या आवाजावर मी खेकसलोय, मला तो कुठंही ओळखता येईल. मी हळूच नाव घेतलं. आवाज थांबला. श्वास धरून कुणी बसावं तसा थांबला. ती मला घाबरते. आत असूनही घाबरते. मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. वरून पालकांनी हाका मारल्या, उशीर होतोय, पाचला पोरं सुटतील. मी वर आलो.

राजशेखरला मी म्हटलं, भिंत फोड. तो म्हणाला, “सर, भिंतीमागं काय न्हाई. माझ्या हातानं खणलंय. नुसती माती हाय.” मग म्हणाला, “फोडली आणि खरंच काय न्हाई निघालं, तर? आणि निघालं, तर... माझ्या आईचं काय, सर?”

पंचवीस वर्षांनी त्याची आई नीट जेवते, झोपते. माझी बायको पेढे वाटते. क्लासच्या बोर्डावर माझ्या आडनावाचा फोटो आहे. भिंत फोडायची तर मला एकट्यालाच फोडायची आहे, आणि गेलं वर्षभर मी दर रविवारी खाली उतरतो, भिंतीला हात लावतो, म्हणतो, “आलो गं, बाबा आहे,” आणि पाचला फाटकावर पोचायचं म्हणून वर येतो. माझ्यासारखा बाप कुणाला मिळू नये.

गेल्या रविवारी मात्र मी ठरवलं होतं. गाडीत सीटखाली पहार ठेवली होती. कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवशी पालकांपैकी एका बाईंना चक्कर आली, लवकर परतावं लागलं, आणि पहार गाडीतच राहिली. म्हटलं, पुढच्या रविवारी पालक घ्यायचेच नाहीत. एकट्यानं जायचं.

संध्याकाळी घरी आलो. मनस्विनी देवापाशी दिवा लावत होती. ही जेवणाच्या टेबलावर पेपर सोडवत बसली होती, पाठ माझ्याकडं. मी चप्पल काढली. अजून पाणीही प्यालो नव्हतो. ती मान वर न करता, पेन न थांबवता, अगदी मायेनं बोलली.

“बाबा, दर रविवारी तिथं खाली उतरू नका. तुम्ही निघून आलाव की ती लई रडते. मला इथपर्यंत ऐकू येतं, अभ्यास होत न्हाई.”